ठाण्या-नवी मुंबईतल्या कुठल्या विषयांवर विकिपीडियात स्वतंत्र लेख हवा?

मासुंदा
नमस्कार मंडळी. मी नौपाड्यात राहते. आमचा एक छोटा वाचनगट आहे. दोन निवृत्त शिक्षिका, कॉलेजातली काही मुलं, एक बँकवाले काका आणि मी. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, म्हणून येत्या महाराष्ट्र दिनाला सगळ्यांनी एकत्र बसून आपल्या भागावर लेख लिहायचे असं ठरलं. लिहायला सगळे तयार आहेत. अडलंय यादीवर.

गडकरी रंगायतन आणि १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय, या दोन नावांवर कुणाचंच दुमत नव्हतं. पुढे मात्र जुंपली. तलाव प्रत्येकी एक लेख करून लिहायचे की सगळे मिळून एकच? उथळसरचा जोगिला तलाव बुजवला गेला होता, त्याच्यावर लेख होतो का? आमच्यातल्या एकीला आपल्या गावदेवीच्या जत्रेवर लिहायचंय. काकांना एका मिसळीच्या दुकानावर. आणि जवळपास सगळ्यांनाच आमच्या गणिताच्या सरांवर लिहायचंय, ज्यांनी अर्ध्या नौपाड्याला दहावी पास केलं.

मला मनापासून वाटतं की हे सगळं कुठेतरी नोंदलं गेलं पाहिजे. पण ज्ञानकोशात काय जावं, याला काही मोजपट्टी आहे ना? जाणकारांनी सांगावं.

लोकल_११
उत्तम उपक्रम. वाचतोय.

कोपरीकर
मोजपट्टी कसली? जागा थोडीच कमी पडणार आहे. केतकरांचा ज्ञानकोश छापायचा होता, कागद लागायचा, वर्गणीदार शोधावे लागायचे. इथे तो प्रश्नच नाही. ज्याला जे माहीत आहे ते त्याने लिहावं.

संदर्भ_द्या
मासुंदाताई, मी बरीच वर्षं तिथे संपादन करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोपरीकर म्हणतात तसं जागा भरपूर आहे, पण राखणारी माणसं मोजकी आहेत. प्रत्येक लेख कायम उघडा असतो, कुणीही येऊन बदलू शकतो. त्यामुळे त्यातलं वाक्य खरं की खोटं, हे अनोळखी माणसालाही तपासता आलं पाहिजे. तपासायचं कशावरून, तर दुसऱ्या कुणीतरी आधी लिहिलेल्या मजकुरावरून. उल्लेखनीयतेचा नियम इथून आलाय. विषय थोर आहे का, लोकांना आवडतो का, हे त्यात विचारलेलंच नाही. त्या विषयाशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह स्रोतांनी त्यावर पुरेसं सविस्तर लिहिलंय का, एवढंच विचारलंय.

यातली प्रत्येक अट महत्त्वाची आहे. 'सविस्तर' म्हणजे कार्यक्रमपत्रिकेत आलेलं नुसतं नाव पुरत नाही. 'संबंध नसलेला' म्हणजे संस्थेची स्वतःची वेबसाइट, सोसायटीची स्मरणिका, सत्काराचं मानपत्र, यातलं काही चालत नाही. आणि इथे एक गोष्ट नीट बघायला शिका. कधी कधी तीन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांची कात्रणं पुरावा म्हणून समोर येतात. शेजारी शेजारी ठेवली की दिसतं, तिन्हीकडे तीच वाक्यं, तोच क्रम, 'उपस्थितांचे' या शब्दातली वेलांटीची चूकसुद्धा तिन्हीकडे तीच. ते आयोजकांनी पाठवलेलं प्रसिद्धिपत्रक असतं. कात्रणं तीन असली तरी स्रोत एकच, आणि तोही स्वतंत्र नाही.

रंगायतन आणि ग्रंथसंग्रहालय डोळे मिटून घ्या. त्यांच्यावर दशकानुदशकं दुसऱ्यांनी लिहिलंय. बाकीच्यांचं एकेक करून बघू.

वर्तकनगरी
हा प्रतिसाद चिकटवून ठेवा.

गावठाण_९५
संदर्भ_द्या साहेब, नियम कळला. आता आमची बाजू ऐका.

आयडीतला आकडा उगाच घेतलेला नाही. १९७० साली सिडको आली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली पंचाण्णव गावं धरली. मी त्यातल्याच एका गावचा. आज माझ्या घराचा पत्ता सेक्टरच्या आकड्याने सांगावा लागतो. सेक्टरवर तुम्हाला पाहिजे तेवढे संदर्भ मिळतील. मॉल उघडला बातमी, उड्डाणपूल झाला बातमी, फ्लॅटचे भाव वाढले तर पानभर मजकूर. आमच्या गावाला खाडीवर बंदर होतं, होड्या लागायच्या, मिठागरांना नावं होती, प्रत्येक खाचराला नाव होतं. ती नावं आमच्या आजोबांच्या पिढीला पाठ होती. छापून कुणी आणली? कुणीच नाही. वर्तमानपत्राच्या बातमीदाराला आमचं गाव दिसलं ते जमिनीचा मोर्चा निघाला तेव्हा.

म्हणजे ज्यांच्यावर आधीच लिहिलंय त्यांच्यावरच आणखी लिहायचं, आणि ज्यांना तेव्हा वगळलं त्यांना आताही वगळायचं. तुमचा नियम कुणाच्या विरोधात लिहिलेला नाही हे मला पटतं, पण लागू होतो तेव्हा नेमका आमच्यावर पडतो.

लोकल_११
+१. शेवटचं वाक्य अगदी बरोबर.

शीव_ते_वाशी
दादूस, मुद्दा शंभर टक्के मान्य. एक भर घालतो. जानेवारी १९८४ मधलं जासई-दास्तान फाट्याचं आंदोलन, दि. बा. पाटलांचं नेतृत्व, गोळीबारात गेलेले पाच जण, त्यातून पुढे आलेलं साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याचं तत्त्व, यावर भरपूर छापील मजकूर आहे. तो विषय कुणीही नाकारू शकत नाही. यादीत हा पहिला घ्या, मिसळीच्या आधी.

संदर्भ_द्या
गावठाण, तुमचं म्हणणं मी खोडणार नाही, कारण ते खरं आहे. विकिपीडिया दुसऱ्यांनी लिहिलेल्यावर उभा आहे, त्यामुळे लिहिणाऱ्यांनी जे सोडलं ते तिथेही सुटतं. पण तुमच्या गावाच्या बाबतीत दार बंद नाही.

सरकारदरबारी गाव म्हणून नोंद असलेल्या वस्तीला लेख मिळावा असा सर्वसाधारण संकेत आहे. तिथे वर्तमानपत्री प्रसिद्धीची अट सैल होते. उलट सेक्टरला हा फायदा नाही. गाव पुढे महापालिकेत गेलं तरी फरक पडत नाही, कारण एकदा उल्लेखनीय ठरलेला विषय नंतर अनुल्लेखनीय होत नाही. जनगणनेची जुनी पुस्तकं आहेत, आणि ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं गॅझेटियर आहे. त्यात बंदरं, मिठागरं, मासेमारी यांवर ठाणे जिल्ह्यापुरता बराच तपशील आहे. त्याची प्रत नेटवर फुकट वाचता येते. आधी गावाचा लेख उभा करा आणि बंदर, मिठागरं, जत्रा हे त्यातले विभाग करा. स्वतंत्र लेखासाठी जी कसोटी आहे ती लेखाच्या आतल्या प्रत्येक परिच्छेदाला लागत नाही. आत फक्त मजकूर पडताळता आला पाहिजे.

उपवन
गावांच्या लेखांबद्दल एक तक्रार आहे. कित्येक गावांवर 'अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे', लोकसंख्या, क्षेत्रफळ, संपलं. सेबुआनो नावाची फिलिपिन्समधली एक भाषा आहे. तिच्या विकिपीडियावर साठ लाखांच्या पुढे लेख आहेत, आणि त्यातले बहुतेक एका स्वीडिश माणसाने लिहिलेल्या बॉटने, म्हणजे आपोआप लेख बनवणाऱ्या प्रोग्रॅमने, तयार केलेत. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्या भाषेत लिहिणारी माणसं किती? मराठीत तसं व्हायला नको. दोन ओळींचे शंभर लेख करण्यापेक्षा दहा नीट लिहा.

वर्तकनगरी
उपवन, असहमत. दोन ओळींचा लेख असला की त्या गावचा कुणीतरी नाव शोधत येतो, बघतो की काहीच नाही, आणि तिसरी ओळ लिहितो. मी स्वतः असाच लिहायला लागलो. लेखच नसता तर नवा लेख करायचं धाडस झालं नसतं.

उपवन
माणसाने केलेल्या दोन ओळींना हरकत नाही. पण महाराष्ट्र दिनाला आकडा फुगवायला म्हणून केलेल्या नकोत.

मासुंदा
आकडा नकोच आहे. आम्ही मोजकी माणसं आहोत, पाच लेख चांगले झाले तरी पुरे. गावदेवीच्या जत्रेचं उत्तर मिळालं, ती मैत्रीण घणसोलीकडचीच आहे, ती गावाच्या लेखातून सुरुवात करेल. मिसळीचं काय? काका रोज विचारतात.

घाटावरचा_ठाणेकर
मिसळीला तर्री हवी तसे लेखाला संदर्भ हवेत, नुसत्या फरसाणावर भागत नाही.

कोपरीकर
ठाण्याच्या मिसळीवर लेख व्हायला पाहिजे म्हणजे पाहिजे. रविवारी रांग बघा. याहून मोठा पुरावा कोणता?

संदर्भ_द्या
रांग म्हणजे लोकप्रियता. ती लेखात सांगायलाही कुणीतरी लिहिलेली लागते.

पण खाण्याच्या दुकानावर लेख होतच नाही असं नाही. सप्टेंबर २००७ मध्ये विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी स्वतः दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या गुगुलेथू वस्तीतल्या म्झोलीज नावाच्या भाजलेल्या मटणाच्या ठिकाणावर एक छोटा लेख टाकला. थोड्याच वेळात एका संपादकाने तो काढला. संस्थापकाचा लेख आहे म्हणून कुणी गय केली नाही. मग मोठी चर्चा झाली, लोकांनी वर्तमानपत्रं आणि प्रवासवर्णनं धुंडाळली, त्या ठिकाणावर खरंच बरंच लिहिलं गेलंय असं दिसलं आणि लेख राहिला. लेख टिकला तो या शोधाने, लिहिणाऱ्याच्या नावाने नाही. काकांनीही तेच करावं. दुकानावर वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी, जाहिरात न घेता लिहिलेले लेख मिळतात का बघावं. नाही मिळाले तर 'मिसळ' या लेखात ठाण्याच्या पद्धतीवर संदर्भासह एक परिच्छेद होऊ शकतो.

लोकल_११
अवांतर: रेल्वेवाल्या मंडळींनी काही घेतलं नाही का? १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पारसिकचा बोगदा बघा. १९१६ साली सुरू झाला, सव्वा किलोमीटरहून लांब. २०२२ पर्यंत रोज लाखो लोक लोकलने त्यातून जायचे आणि मोबाइलची रेंज गेली एवढंच म्हणायचे. त्यावर मराठीत नीट तांत्रिक लेख हवा. कसा खोदला, उतारावरची वस्ती आणि पावसाळ्यातलं पाणी यांचं काय होतं, सगळं.

शीव_ते_वाशी
आणि ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य. २०१५ ला जाहीर झालं, २०२२ ला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. इंग्रजीत ढीगभर मजकूर आहे. मराठीत खाडी, तिवरं, चिखलातले जीव यांच्यासाठी कोळ्यांकडे जे शब्द आहेत ते घेऊन कुणी लिहिलं तर तो लेख इंग्रजीपेक्षा सरस होईल.

गावठाण_९५
ते शब्द मी देतो. माझ्या चुलत्यांकडे बसा एक दिवस.

आजीची_वही
एक वेगळा मुद्दा मांडते. २ ऑक्टोबर २०१८ ला डोना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्यावर लेखच नव्हता. त्याच वर्षी कुणीतरी मसुदा पाठवला होता, तो मे महिन्यात संदर्भांवरून उल्लेखनीयता दिसत नाही म्हणून परत गेला होता. लेसरवर पायाभूत काम केलेली बाई! संपादकाने नियम पाळला असेलही. पण बायकांच्या कामावर मुळात कमी लिहिलं जातं, मग संदर्भ कमी, मग लेख नाही. इंग्रजीतही चरित्रलेखांपैकी बायकांचे जेमतेम पाचवा हिस्सा आहेत.

गावठाणदादा जे म्हणाले ते मला म्हणूनच भिडलं. आणि तरीही मी नियमाच्या बाजूने आहे. आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी बघा. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी गेल्या, वयाची बाविशीही पुरती झाली नव्हती. आज त्यांच्यावर जगातल्या कितीतरी भाषांत लेख आहेत, कारण १८८८ मध्ये कॅरोलाइन डॉल यांनी इंग्रजीत आणि पुढे काशीबाई कानिटकरांनी मराठीत त्यांचं चरित्र लिहिलं. काशीबाईंनी पत्रं मिळवली, माणसांना विचारलं, छापलं. ते काम ज्ञानकोशाने केलेलं नाही, ते त्याच्या आधी एका बाईने बसून केलं. आपल्या भागातल्या ज्या बायकांनी बालवाड्या काढल्या, दवाखाने चालवले, भाजीबाजारात संघटना बांधल्या, त्यांच्यासाठी ते आधीचं काम कोण करणार? मला वाटतं महाराष्ट्र दिनाच्या आधी आपण यावर बोलावं.

वर्तकनगरी
आजी, दंडवत.

गावठाण_९५
आजींचं पटलं. पण मग आम्ही बातमीदार येण्याची वाट बघायची का? २०११ साली भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत तोंडी माहितीचे संदर्भ घेण्याचा प्रयोग झाला होता असं वाचलंय. खेळ, विधी, स्थानिक पेयं यांवर लोकांना विचारून ध्वनिमुद्रण करायचं आणि तेच संदर्भ म्हणून जोडायचं. तसं आपल्याकडे का नाही?

संदर्भ_द्या
प्रयोग झाला, त्यावर चर्चाही भरपूर झाली, पण ध्वनिमुद्रणाला स्रोत मानण्यावर एकमत झालं नाही. हरकत अशी की एक म्हातारा एक सांगतो, शेजारच्या आळीतला दुसरं सांगतो, आणि कुणाचं बरोबर हे संपादकाने ठरवायचं म्हणजे संपादकच संशोधक झाला. ते काम विकिपीडियावर करायचं नाही हा मूळ नियम आहे.

ध्वनिमुद्रण मात्र थांबवू नका. गावाचे, होड्यांचे, जाळ्यांचे फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहावर चढवा, तिथे उल्लेखनीयतेची कसोटी नाही. माहिती आधी दुसरीकडे छापून येऊ दे. दिवाळी अंक, एखादं नियतकालिक, विद्यापीठातला प्रबंध, काहीही. छापणारा तपासून छापणारा असावा एवढंच.

खाडीपल्याड
नवीन सदस्य आहे. ठाण्यातल्या एका दैनिकात बातमीदार आहे. बाजूला बसून सगळा धागा वाचला. गावदेव्यांच्या जत्रांच्या आम्ही दरवर्षी चार ओळी देतो, त्याही वाहतुकीत काय बदल केलेत तेवढ्याच. गावठाणदादा, या वर्षी मी तुमच्या गावात येतो. जत्रेच्या आधी येतो, गर्दीत कुणी बोलत नाही. मिठागरांच्या नावांवर स्वतंत्र मोठा लेख करता येईल.

संदर्भ_द्या
खाडीपल्याड, जरूर करा. विनंती एकच, यांच्याकडून तयार मजकूर घेऊ नका. स्वतः फिरा, चार-पाच घरांत विचारा, जिथे माहिती जुळत नाही तिथे तसं लिहा, जुन्या नकाशाशी ताडून बघा. विकिपीडियात संदर्भ देण्यासाठी म्हणून केलेला लेख कामाचा नसतो.

खाडीपल्याड
संपादकांनी पास केला तरच छापून येईल, त्यामुळे तशीच तयारी करावी लागेल.

कोपरीकर
एवढे नियम, आणि तरी नगरसेवकांची पानं कशी येतात हो? निवडणूक आली की आमच्या वॉर्डात 'विकिपीडियावर पान करून देतो' म्हणणारे फिरतात. दर ठरलेला असतो.

संदर्भ_द्या
पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसं जाहीर करावं ही अट २०१४ पासून वापरण्याच्या अटींतच आहे. हे लोक ती पाळत नाहीत. अशी पानं बहुधा काढून टाकली जातात, पण तोवर गिऱ्हाइकाचे पैसे गेलेले असतात. असं पान दिसलं तर चर्चापानावर शांतपणे लिहा. भांडू नका.

मासुंदा
शेवटचं आणि आमच्यासाठी सगळ्यात अवघड: गणिताचे सर. हयात आहेत, तब्येत ठणठणीत. विद्यार्थी जगभर पसरलेत. एका शाळेच्या स्मरणिकेत त्यांच्यावर दोन पानं आहेत, बाकी छापील काही नाही. संदर्भ_द्यांच्या कसोटीला ते उतरत नाहीत हे कळतं, पण गटाला सांगायचं कसं? सगळ्यांचा जीव आहे त्यांच्यावर.

संदर्भ_द्या
सरांची बाजू घेऊन बघा. हयात माणसावरचा लेख म्हणजे त्याच्याबद्दल कुणीही, कधीही बदलू शकेल असं एक सार्वजनिक पान. सरांच्या हाताखाली नापास झालेला एखादा रात्री दोन वाजता येतो आणि 'मारकुटे म्हणून प्रसिद्ध होते' असं लिहून जातो. मोठ्या माणसाच्या पानावर पन्नास जणांचं लक्ष असतं, पाच मिनिटांत ते निघतं. सरांच्या पानावर कुणाचं? ते वाक्य महिनाभर राहील, सरांच्या नातवाला शोधताना पहिलं तेच दिसेल. छापील संदर्भ नाही, म्हणून ते खोटं आहे हेही सिद्ध करता येणार नाही. जो माणूस सार्वजनिक आयुष्यात उतरलेला नाही, त्याला असं उघड्यावर ठेवू नये. हयात व्यक्तींच्या बाबतीत नियम जास्त कडक आहेत ते याच कारणाने.

आजीची_वही
मासुंदा, सरांवर तुम्ही स्वतः लिहा. आठवणींचं पुस्तक काढा, विद्यार्थ्यांकडून लेख मागवा, त्यांची शिकवण्याची पद्धत उदाहरणं सोडवून दाखवत नोंदवा. त्यात प्रेम ओतता येतं. ज्ञानकोशातल्या लेखात तुम्हाला 'लाडके' हा शब्दसुद्धा लिहिता येणार नाही.

मासुंदा
हे गटात वाचून दाखवते. धन्यवाद आजी.

उपवन
तलाव राहिले.

संदर्भ_द्या
मासुंदा तलावाचा स्वतंत्र लेख. तलावपाळी, कोपिनेश्वर मंदिर, शहराच्या वाढीतलं त्याचं स्थान, मजकूर भरपूर आहे. जोगिलाचाही स्वतंत्र होईल, तलाव बुजला म्हणून विषय बुजत नाही. अतिक्रमण आणि पालिकेने तो पुन्हा मोकळा करायला घेणं, यावर वर्षानुवर्षांच्या बातम्या आहेत. बाकीच्यांसाठी 'ठाण्यातील तलाव' असा एक मोठा लेख करा, प्रत्येकाला एक विभाग आणि प्रत्येक तलावाच्या नावाने त्या विभागाकडे पुनर्निर्देशन, म्हणजे नाव शोधलं की वाचक आपोआप तिथे पोचेल. कचराळी, सिद्धेश्वर, मखमली, आंबे घोसाळे, ज्याचा विभाग चार-पाच परिच्छेदांचा होईल तो पुढे वेगळा काढता येतो. शोधणाऱ्याला माहिती मिळाली की झालं, ती कुठल्या पानावर आहे याने त्याला फरक पडत नाही.

घाटावरचा_ठाणेकर
पूर्वी साठ तलाव होते म्हणतात, ते लिहायचं का?

उपवन
'म्हणतात' ला संदर्भ मिळाला तर. आकडा कुणी, कधी, कशावरून दिला ते शोधायला हवं. मी घेतो हे काम, गॅझेटियरपासून सुरुवात करतो.

मासुंदा
मग सध्या असं धरते: जासईचं आंदोलन शीव_ते_वाशी, पारसिक बोगदा लोकल_११, तलाव उपवन आणि मी, घणसोलीचं गावठाण माझी मैत्रीण. काका मिसळीची कात्रणं शोधतायत, त्यांना सांगितलंय की एकसारखी वाक्यं आली तर ते एकच धरायचं. ग्रंथसंग्रहालयाचा लेख कॉलेजातली मुलं घेतील, त्यांना जुने वार्षिक अहवाल बघायचेत, पण ते संस्थेचे स्वतःचे म्हणून स्थापना वगैरे साध्या गोष्टींपुरतेच वापरायला सांगते. बरोबर ना?

संदर्भ_द्या
अगदी बरोबर.

गावठाण_९५
आणि माझं गाव मी लिहितो. गॅझेटियरचं इंग्रजी जुनं आहे, गावांची नावं ओळखू येत नाहीत अशा स्पेलिंगात आहेत. उपवन, तुम्ही उघडाल तेव्हा बंदरांच्या पानांचे फोटो मला पाठवा. चुलत्यांना वाचून दाखवतो, ते ओळखतील कुठलं कुठलं ते.

खाडीपल्याड
मी त्या दिवशी आलो तर चालेल? वही घेऊन बसतो, मध्ये बोलणार नाही.

गावठाण_९५
या. रविवारी सकाळी या, भरतीची वेळ बघून कळवतो. म्हातारे ओहोटीला खाडीवर असतात.